नाव कायम, पत्ता रोज नवा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांची एक गंमत आहे. घर जागचे हलले नाही, पण नागपूर-पुण्याच्या नातलगांना पाकिटावरची शेवटची ओळ दोनदा बदलावी लागली. १९५० पर्यंत तिथे ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ लिहीत. मग ‘मध्य प्रदेश’ आले. त्याची राजधानी आधी नागपूर होती, १९५६ मध्ये भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि ती ओळ पुन्हा बदलली. पत्रे मात्र पोचत राहिली. गावाचे नाव तेच होते, १९७२ मध्ये आलेली पिनकोडची पद्धतही राज्य बदलल्याने बिघडली नाही, आणि डाकघराला जुन्या-नव्या ओळींचा मेळ घालता येत होता.

घरातल्या संगणकाला इंटरनेटवर जो पत्ता मिळतो, त्याची तऱ्हा याहून निराळी. तो पन्नास वर्षांत दोनदा काय, आठवड्यातून दोनदाही बदलू शकतो. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की इंटरनेट पुरवणारी कंपनी आपल्याजवळच्या क्रमांकांपैकी जो मोकळा असेल तो त्या घराला देऊन टाकते. घरच्यांना याची वर्दीही नसते. बातम्या वाचणे, चित्रपट पाहणे, रेल्वेचे तिकीट काढणे यात त्याने काही अडत नाही. कारण विचारणा घरातून बाहेर जाते आणि उत्तर लगेच त्याच पत्त्यावर परत येते. अडते ते बाहेरच्या कुणाला या घरच्या संगणकाकडे यायचे असेल तेव्हा.

असे कुणाला कशाला यायचे असेल? समजा, घरात आजीच्या आवाजातल्या ओव्या जुन्या कॅसेटवरून उतरवून ठेवल्या आहेत. आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो आहेत, कुळाची वंशावळ आहे, चाळीस वर्षांच्या गणेशोत्सवाची छायाचित्रे आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला. दोघांनाही हे सारे हवे आहे. आजवरचा सोपा मार्ग म्हणजे हे सगळे एखाद्या बड्या कंपनीच्या जागेत टाकून देणे. पण १ जून २०२१ पासून गूगलने फोटोंची अमर्याद मोफत साठवण थांबवली, नवे फोटो पंधरा जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले आणि अनेक घरांना प्रथमच कळले, की आपली माजघरातली ट्रंक दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेली आहे. भाडे भरा, नाही तर नवे काही ठेवू नका.

मग घरातलाच एखादा जुना संगणक या कामाला का लावू नये, असा विचार येतो. संगणकाच्या भाषेत त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. शब्द भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात मागितलेली वस्तू काढून देणारा कोणताही संगणक म्हणजे सर्व्हर. पंगतीतला वाढपी म्हटले तरी चालेल. मे २०२५ मध्ये नवा रायपूरमध्ये डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. तिथल्या यंत्रांचे आणि माळ्यावरच्या जुन्या संगणकाचे मूळ काम एकच आहे, वाढण्याचे. पंगत केवढी, एवढाच काय तो फरक. घरच्या पंगतीला दोन-चार पाने असतात. तेवढ्यासाठी दहा वर्षांपूर्वीचा संगणकही पुरतो. अडचण वाढप्याची नसतेच. पाहुण्यांना घर सापडत नाही, ही अडचण असते.

नोंदवही कोणी ठेवायची?

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो आणि यंत्रे एकमेकांना क्रमांकानेच ओळखतात. माणसांना मात्र नावे लक्षात राहतात. सुरुवातीच्या काळात सगळ्या नावांची आणि क्रमांकांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी ती सांभाळत. कुणी नवे यंत्र जोडले, की यादीत भर पडे आणि बाकीचे सारे ती नवी यादी उतरवून घेत. यंत्रे शेकड्यांनी होती तोवर हे निभले. ती वाढू लागली तशी यादी कोलमडायला आली. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत मांडली. एक मोठी यादी नको. प्रत्येकाने आपापल्या वाड्यातील नावांची नोंदवही स्वतः ठेवावी आणि विचारणाऱ्याला एका वहीकडून दुसऱ्या वहीकडे पाठवत योग्य वहीपर्यंत न्यावे. हीच डीएनएस. आज कुणीही संकेतस्थळाचे नाव टंकते तेव्हा पडद्याआड हीच विचारपूस घडते.

मात्र या पद्धतीत एक गृहीत होते. क्रमांक क्वचितच बदलतात, म्हणून वहीतली नोंद माणसाने हाताने बदलली तरी चालेल, असे मानले गेले होते. विचारणाराही एकदा मिळालेले उत्तर तासन्‌तास, कधी दिवसभर, जवळ ठेवी. विद्यापीठांच्या मोठ्या यंत्रांसाठी ते ठीकच होते. पुढे टेलिफोनच्या तारेवरून सामान्य माणसे इंटरनेटवर येऊ लागली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा सुरू केली. असा डायल-अप जोड प्रत्येक वेळी नवा लागे आणि सहसा क्रमांकही नवाच मिळे. कायमच्या नोंदीला तिथे अर्थच उरला नाही. एप्रिल १९९७ मध्ये वहीतली नोंद यंत्रानेच बदलावी यासाठीचे नियम प्रसिद्ध झाले. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील वूस्टर येथील तंत्रसंस्थेच्या काही विद्यार्थ्यांनी घरगुती संगणकांसाठी अशी सेवा चालवायला घेतली. ती ‘डिनडीएनएस’ या नावाने जगभर पसरली.

या सेवेची रीत अगदी साधी आहे. घरात एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, बहुधा राउटरमध्येच. तो दर काही मिनिटांनी पाहतो, की आपला बाहेरचा क्रमांक कालचाच आहे ना? बदललेला दिसला, की तो लगेच सेवा देणाऱ्या कंपनीला कळवतो: ‘अमुक नावाच्या घराचा आता हा क्रमांक.’ कंपनी वहीत खाडाखोड करते. शिवाय या नोंदीवर शेरा मारलेला असतो, की हे उत्तर मिनिटभरच खरे धरा, नंतर पुन्हा विचारा. त्यामुळे रायपुरात रात्री वीज जाऊन आली, तरी पुण्यातला मुलगा सकाळी तेच जुने नाव टंकतो आणि नव्या क्रमांकावर बिनचूक पोचतो.

घरापर्यंत पोचल्यावर आणखी एक पायरी उरते. बाहेरचा क्रमांक राउटरचा असतो. आतल्या संगणकाला, मोबाइलला, टीव्हीला राउटरने दिलेले खासगी क्रमांक असतात, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. असे क्रमांक देशातल्या लाखो घरांत एकसारखे सापडतील, जशी प्रत्येक वाड्यात ‘मधली खोली’ असते. तेव्हा दारात आलेल्या पाहुण्याला कोणत्या खोलीत न्यायचे, हे राउटरला आधी सांगून ठेवावे लागते. याला ‘पोर्ट उघडणे’ म्हणतात. शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

खर्च फारसा नाही. डकडीएनएस देणग्यांवर चालते आणि नाव फुकट देते. नो-आयपी मोफत नाव देते, पण दर तीस दिवसांनी ‘अजून हवे आहे’ असे कळवावे लागते. खरा खर्च विजेचा. टेबलावरचा जुना संगणक शंभर वॅट खात असेल आणि दिवसरात्र चालणार असेल, तर महिन्याला ७२ युनिटे होतात. बिल पाहून घरात विचारणा होणारच. त्याऐवजी रास्पबेरी पाय या नावाने २०१२ पासून मिळणारा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक पाचेक वॅटवर भागवतो, म्हणजे महिन्याला चार युनिटांच्या आत. तो इन्व्हर्टरवरही आरामात चालतो. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा तो माळ्यावर मात्र ठेवू नये. खालच्या थंड खोलीतले कोपरे बरे.

एकाच दारामागे हजार घरे

इथवर वाचून कुणी उत्साहाने कामाला लागेल आणि दोन तासांनी वैतागून उठेल. नाव मिळाले, प्रोग्राम चालला, पोर्ट उघडले. तरी बाहेरून काही दिसत नाही. दोष त्याचा नसतो. जुन्या पद्धतीचे क्रमांक सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून अनेक कंपन्या एकच बाहेरचा क्रमांक शेकडो घरांत वाटून देतात. घरांना मिळतात ते कंपनीच्या आवारातले आतले क्रमांक. त्यांच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला गेला. मोठ्या संकुलाच्या फाटकावर एकच पाटी असावी आणि आत हजार बिऱ्हाडे असावीत, तसे हे. नोंदवहीत फाटकाचा पत्ता कितीही अचूक लिहिला, तरी पहारेकऱ्याला पाहुणा कुणाकडचा ते ठाऊकच नाही.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी एक तपासणी जरूर करावी. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा क्रमांक आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा क्रमांक ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर मार्ग मोकळा. वेगळे असतील, किंवा राउटरवरचा क्रमांक वरच्या पट्ट्यातला असेल, तर सरळ कंपनीला फोन करून स्वतंत्र क्रमांक मिळतो का आणि किती पैशांत, ते विचारावे. काही कंपन्या वर्षाला जादा शुल्क घेऊन कायमचा क्रमांक देतात. मग बदलत्या नोंदीची कटकटच नको. दुसरा मार्ग आयपीव्ही६ या नव्या क्रमांकांचा. ते इतके विपुल आहेत, की घरातल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र मिळू शकतो आणि त्यांच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पण पलीकडच्या माणसाकडेही ती सोय हवी. न्यू जर्सीतल्या लेकीच्या घरी ती असेल आणि तिच्या कचेरीत नसेल, असे होते.

तिसरा मार्ग छत्तीसगडच्या माणसाला चटकन समजावा. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर हा उपक्रम सुरू केला. बस्तरच्या गावांतली माणसे साध्या मोबाइलवरून आपल्या बोलीत बातमी नोंदवत आणि इतरांची ऐकत. दूरच्या बेंगळुरूच्या क्रमांकावर बोलायचे पैसे कुठून आणायचे? म्हणून मिस्ड कॉलची युक्ती निघाली. माणूस नुसती घंटी देई आणि सर्व्हरच त्याला उलट फोन करी. जिथे एका बाजूला अडचण असेल, तिथे फोन दुसऱ्या बाजूने लावायचा. घरच्या सर्व्हरचेही तेच करता येते. बाहेरून आत येता येत नसेल, तर घरच्या यंत्राने स्वतःहून बाहेरच्या एखाद्या यंत्राशी जोड लावून तो धरून ठेवायचा आणि नातलगांनी त्या जोडातून आत यायचे. याला बोगदा किंवा टनेल म्हणतात. मात्र मधले यंत्र कुणाचे, हा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.

उघडे दार आणि कॅमेरा

घरगुती सर्व्हर म्हणजे हौशी लोकांचा खेळ, असे म्हणून हे पान उलटणाऱ्यांनी जरा थांबावे. त्यांच्याही घरात असा एक सर्व्हर असू शकतो. दुकानात, जिन्यात, पाळण्यावर लावलेल्या कॅमेऱ्यांची दृश्ये मोबाइलवर दिसतात ना? ती साठवणारी डीव्हीआरची पेटी म्हणजे वाढपीच. बदलत्या पत्त्याची सेवा हौशी मंडळींपेक्षा या पेट्यांनीच अधिक वापरली असेल. बसवणारा कारागीर अर्ध्या तासात पोर्ट उघडून, नाव घालून, मोबाइलवर चित्र दाखवून निघून जातो. पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहतो. मालकाला आपले दार उघडे आहे याचा पत्ताच नसतो.

याचा परिणाम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी जगाने पाहिला. मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने असे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधून काढले होते. त्याच्याजवळ कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. त्या एकेक लावून पाहायच्या, एवढीच त्याची अक्कल. ती पुरली. त्या दिवशी या यंत्रांच्या फौजेने डिन कंपनीवर एकाच वेळी खोट्या विचारण्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अशी संकेतस्थळे अमेरिकेत आणि युरोपात काही तास दिसेनाशी झाली. डिन म्हणजे तीच, विद्यार्थ्यांनी सुरू केलेली डिनडीएनएसवाली कंपनी. घराघरांतल्या यंत्रांना नाव देऊन जी मोठी झाली, तिच्यावर घराघरांतली यंत्रेच उलटली.

हे दूरचे वाटत असेल, तर जुलै २०१७ आठवावा. बीएसएनएलच्या, मुख्यतः कर्नाटकातल्या, सुमारे ६० हजार ग्राहकांचे मोडेम एका हल्ल्याने निकामी झाले. नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, असे ते मोडेम होते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांची दृश्ये बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. तपासणीच्या खोलीतल्या स्त्रियांची दृश्ये! ज्या बायका मुलाच्या ओढीने तिथे गेल्या, त्यांना कोणत्या तारेने कोणते दार उघडे राहिले हे कोण सांगणार? एप्रिल २०२५ पासून नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना विक्रीपूर्वी सुरक्षाचाचणी बंधनकारक झाली, हे चांगलेच झाले. पण त्याआधी भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांची काळजी घरमालकालाच घ्यावी लागेल.

यातून निभावण्याचा मार्ग आहे आणि तो फार कठीणही नाही. फोटोंच्या सर्व्हरचे किंवा कॅमेऱ्याचे पोर्ट बाहेर उघडूच नये. उघडायचे तर एकच, वायरगार्डसारख्या खासगी जोडणीचे. ज्याच्या मोबाइलवर घरची किल्ली बसवली आहे, त्यालाच ते दार दिसते. इतरांनी ठोठावले तर आतून उत्तरही जात नाही. पुण्याच्या मुलाला आणि न्यू जर्सीच्या मुलीला एकेक किल्ली द्यावी. मोबाइल हरवला तर तेवढीच किल्ली रद्द करावी. राउटरचा पासवर्ड बदलावा, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. कारागिराने नकळत काय काय उघडून ठेवले आहे, ते राउटरच्या पानावर एकदा पाहून बंद करावे. ही तपासणी सर्व्हरचा नाद नसलेल्यांनीही करावी. आणि ज्याला एवढे करायला वेळ किंवा आवड नाही, त्याने बड्या कंपनीला भाडे भरावे हे उत्तम. अर्धवट लावलेल्या कुलपापेक्षा ते खचित बरे.

राहिला प्रश्न नोंदवहीच्या मालकाचा. डिनने आपली मोफत सेवा २०१४ मध्ये बंद केली; ज्यांनी वर्षानुवर्षे तेच नाव वापरले, त्यांनी पैसे भरले किंवा दुसरीकडे बिऱ्हाड हलवले. त्याच वर्षी ३० जूनला याहून विचित्र प्रकार घडला. काही भामटे नो-आयपीची नावे वापरून लोकांच्या संगणकांत शिरतात, अशी तक्रार घेऊन मायक्रोसॉफ्ट अमेरिकेतील न्यायालयात गेली आणि त्या कंपनीची वीसहून अधिक डोमेन तिने आदेशाने आपल्या ताब्यात घेतली. चोर पकडायला अख्खी पेठ बंद केली म्हणा ना! कॅमेरे, छोटी दुकाने, घरगुती सर्व्हर अशी लाखो निरपराध नावे एकदम मुकी झाली. पुढच्या काही दिवसांत डोमेन परत मिळाली आणि दोन्ही कंपन्यांत समेट झाला. पण कुण्या परक्याच्या पाटीखाली आपले नाव लिहिण्यातला धोका त्या आठवड्यात पुरता दिसला.

म्हणून ज्यांना हे काम बराच काळ चालवायचे आहे, त्यांनी वर्षाचे शुल्क भरून स्वतःचे डोमेन घ्यावे. २०१४ पासून ‘.भारत’ या शेपटासह देवनागरीतही नाव घेता येते. आडनावाचे मराठी नाव पाटीवर झळकू शकते. मग नोंद ठेवणारी कंपनी बंद पडली, तरी नाव घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येते आणि नातलगांना काही कळवावे लागत नाही. दुसरी प्रत मात्र हवीच. माळ्यावरच्या डिस्कला कंपनीच्या यंत्रांसारखा जोडीदार नसतो. ती बसली की ओव्याही गेल्या. पुण्याच्या घरी तसेच एक छोटे यंत्र ठेवून रात्री दोन्हींनी एकमेकांची नक्कल करून घ्यावी, ही सोय सोपी आहे.

अशा घरांत सहसा एकाच माणसाला सारे ठाऊक असते. कोणते नाव कुठे नोंदवले, पासवर्ड काय, किल्ली कुणाकुणाकडे. तो परगावी गेला किंवा आजारी पडला, तर घरातल्या बाकीच्यांना पेटीवरचा हिरवा दिवा तेवढा दिसतो. विजेच्या बिलाची आणि विम्याच्या हप्त्याची तारीख ज्या वहीत लिहिलेली असते, त्याच वहीत डोमेनचे शुल्क भरण्याचा दिवस लिहावा. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात घालून कपाटात ठेवावेत आणि ते पाकीट कुठे आहे, हे निदान आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.